हललेला फोटो

आमच्या सियागंजात सकाळी दहानंतर सरळ चालून दाखवावं कुणी. एकीकडून हातगाडी, दुसरीकडून लोडिंग रिक्षा, मधे पाठीवर साखरेचं पोतं घेतलेला हम्माल. आणि मिरचीचा माल उतरत असला तर अख्खी गल्ली शिंकते. अशा ठिकाणी फोटोग्राफी शिकणारी सहा मुलं-मुली महिनाभर फिरली. विषय मिळाला होता ‘निरोगी शहर, चालतं-फिरतं शहर’. ओटा आमच्या दुकानाचा, म्हणून चहापाणी आमच्याकडे, आणि शेवटी फोटो कसे झालेत ते सांगायलाही मीच. चाळीसेक फोटो होते. दोनदा पाहिले.

निम्मे लालबागेतले आणि पिपलियापाला तलावाकाठचे. पांढरे बूट, सायकली, योगासनांच्या सतरंज्या. उजेड सुरेख पकडलाय, नाही म्हणायचं कारण नाही. 2017 पासून सलग सात वर्षं देशात स्वच्छतेत पहिलं आलेल्या शहराला असे फोटो आवडणारच. पण विसाव्या फोटोपर्यंत मला जांभई आली. बायका आहेत यात, पण घरचा डबा आणि सासूबाईंचं पथ्य उरकून धापा टाकत आलेली एकही दिसत नाही. आपल्यापैकी किती जणींना सकाळी सहाला बाग दिसते, मनातल्या मनात मोजा.

मग सियागंजचे फोटो. त्यातला एक सगळ्यांना आवडला. हम्मालकाका, पाठीवर पन्नास किलोचं पोतं, मान वळवून कॅमेऱ्यात बघताहेत, घामावर ऊन चमकतंय. मी ओट्यावरच होते तेव्हा. मुलगा ओरडला होता, “भैया, एक मिनट रुकना!” काका थांबले. मग “थोडा इधर”, मग “फिर से”. पोतं पाठीवरच. एवढ्या वजनाखाली चालणं सोपं, थांबणं कठीण, हे हमाली न करताही कळायला हवं. काका नाही म्हणू शकले असते, पण दुकान आमचं आणि मुलं आमची पाहुणी. मीही काही बोलले नाही. नंतर घरात तोच फोटो मोठा करून दुकानात लावायचं ठरायला लागलं, तेव्हा बोलले.

फोटोसाठी माणसाला थांबवायचं ही रीत जुनी आहे. राजा दीनदयाळ सरधन्याच्या जैन जव्हेरी घराण्यातले. ते बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून इंदूरला आले आणि 1874च्या सुमाराला इथेच कॅमेरा हातात घेतला. तेव्हाच्या काचेच्या प्लेटवर हललेला माणूस पुसट यायचा, म्हणून सगळे खांबासारखे उभे. त्यांचा इलाजच नव्हता. पण त्याच माणसानं 1892 साली हैदराबादला पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका बाईच्या हाती दिला. समोरच्या माणसाला अवघडायला होऊ नये, एवढा विचार त्यात होता. आजच्या मोबाईलला काचेच्या प्लेटची अडचण नाही. मग काकांना थांबवलं कशासाठी?

होमाई व्यारावाला मुंबईत जे. जे. मध्ये शिकत होत्या. 1930च्या दशकात त्यांनी सोबतच्या मुलींचे फोटो काढले, सहलीत, रस्त्यात, वर्गात. सुरुवातीला छापून आले ते नवऱ्याच्या नावानं, हे आपल्याला नवीन नाही. त्या फोटोतल्या मुली हसतात, वाकतात, वाऱ्यात उभ्या असतात, कारण काढणारी त्यांच्यातलीच होती. आमच्या सहा जणांना सियागंजात असं कुणी आपलं वाटलं नाही. आपल्याकडे साध्वीजी विहारात चार हात पुढची जमीन बघत चालतात. ही मुलं स्क्रीन बघत चालली.

एक फोटो मात्र वेगळा निघाला. काढणाऱ्या मुलीनं तो बाजूला टाकला होता. “हललाय काकू, काहीच दिसत नाही.” मी चष्मा लावून पाहिलं. गोदामाच्या दारात मिरचीची देठं काढणारी बाई उठून उभी राहिलीय. पदर नाकावर, डोळे मिटलेले, डावा हात कमरेवर, पाठ मागे ताणलेली. उजवा हात नुसता पुसट पट्टा. सकाळपासून चाललेला हात तो, एका क्षणासाठी तरी कसा थांबेल? तिचा खोकला फोटोत नाही, ती मिरची डोळ्यांना झोंबते तेही नाही. तरी ‘निरोगी शहर’ म्हणून चाळीस फोटो दाखवायचे आणि हा गाळायचा, तर बाकीच्यांवर कुणी विश्वास का ठेवावा? तिचा व्यायाम झाला म्हणायचा की पाठ गेली? हा प्रश्न उरलेल्या एकाही फोटोनं मला पाडला नव्हता.

“तिला दाखवलास का?” मी विचारलं. नव्हता दाखवला. नावही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिला परत पाठवलं.

बाईनं मोबाईल हातात घेऊन नीट पाहिला आणि म्हणाली, “आँखें बंद आ गईं. दूसरा खींच.” हात धुऊन आली, पदर नाकावरून काढून डोक्यावर घेतला, आणि गोदामाच्या दाराशी ताठ उभी राहिली, अगदी दीनदयाळांच्या फोटोतल्यासारखी.

आता दोन्ही फोटो माझ्याकडे आहेत. दुकानात कुठला लावायचा, यावर माझं आणि त्या मुलीचं अजून वाजतंय.