बजाजनं स्कूटर सोडली तेव्हा

बदलत्या बाजारात जुन्या कंपन्यांचं काय होतं, असं विचारलं की आपण कोडॅक, नोकिया ही नावं घेतो. बदलले नाहीत, मागे पडले. बजाज ऑटोची गोष्ट जरा अवघड आहे. ती बदलली, तगलीही. तरी आमची तक्रार आहे.

1972 मध्ये आलेल्या चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे. पुढे गिऱ्हाईक मोटारसायकलकडे वळलं. 2001 मध्ये पल्सर आली, जोरात चालली. मग राजीव बजाज यांनी ठरवलं, दुचाकीत आता फक्त मोटारसायकल. 2009 मध्ये स्कूटर बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. राहुल बजाज यांनी वाईट वाटल्याचं उघड बोलून दाखवलं. आपण त्याला म्हाताऱ्याची हळहळ समजलो.

पण तेव्हाच होंडाची अ‍ॅक्टिव्हा घराघरांत शिरत होती. इथं आमगाव-तिरोड्याच्या रस्त्यांवर बघा ना, शिक्षिका, नर्स, कॉलेजच्या मुली कशावर जातात? (कंपनी कुठलीही असो, आपण तिला स्कूटीच म्हणतो.) जुना झाला होता तो चेतकच्या मुठीतला गिअर, स्कूटर नव्हे. बिनगिअरच्या गाड्या बजाजनंही काढून पाहिल्या, जम बसला नाही. पण म्हणून अख्खा धंदाच सोडायचा? आपल्या गोंदियातला राइस मिलवाला हलर काढून रबर रोलचा शेलर बसवतो, धान भरडणं सोडत नाही.

2019 मध्ये चेतक बॅटरीवर परतली. नाव तेच, बॉडी पत्र्याचीच. मधली दहा वर्षं मात्र होंडाच्या खात्यात गेली, आणि या खेपेला बेंगळुरूची एथर तिच्याआधीच रस्त्यावर उतरलेली होती.