एका त्रिकोणाची समीक्षा

आमच्या शाखेत दोन पाट्या आहेत. एक 'चालू' आणि एक 'बंद'. तेवीस वर्षांच्या नोकरीत मला तिसऱ्या पाटीची गरज कधी भासली नाही. 'बंद' लावून डबा खाता येतो आणि 'चालू' लावूनही डबा खाता येतो, एवढाच काय तो मधला प्रदेश. पण गेल्या फेब्रुवारीत जपानच्या एका डोंगरावर, गुडघाभर बर्फात, मला तिसरी पाटी भेटली. तिच्यावर अक्षर नव्हतं, नुसता त्रिकोण होता. आज लिहितो आहे ते त्या त्रिकोणावर आणि ज्या वाङ्मयात तो सापडतो त्या वाङ्मयावर. मी बी.कॉम. आहे. समीक्षा करायचा माझा अधिकार एवढाच, की हे वाङ्मय मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं आहे. ही अट पाळणारे समीक्षक फारसे नसतात असं ऐकून आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझा भाचा टोकियोत निशी-कासाईला राहतो. तिकडे आपली माणसं इतकी आहेत, की संध्याकाळी स्टेशनबाहेर कुणीतरी फोडणी दिल्याचा वास येतो. ताईचे यजमान गेले तेव्हा हा सहा वर्षांचा होता. शाळेची फी, सायकल, बारावीचे क्लास, या सगळ्या व्हाउचरांवर मामाची सही आहे. पुढे तो कॉम्प्युटरवाला झाला, जपानला गेला आणि तिथे पायाला फळी बांधून डोंगरावरून घसरायला लागला. या प्रकाराला स्नोबोर्डिंग म्हणतात. तीन हिवाळे त्याने यात पैसे घातले. एप्रिलमध्ये तो नोकरी आटपून कायमचा पुण्याला यायचा होता, आणि त्याआधी मामाने आपली उडी एकदा बघावी असा त्याचा हट्ट होता. तिकीट त्यानेच काढलं. आमच्या एलटीसीत परदेश बसत नाही.

निघताना ताईने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "मारू नको म्हणून तो ऐकणार नाही. पण नीट मारतो का, ते बघून मला सांग. तो सांगतो त्यावर माझा विश्वास नाही."

आता उडी मारायची म्हणजे पार्क हवा. आपल्याकडे पार्क म्हटलं की भेळ, आजोबा मंडळ आणि 'फुले तोडू नयेत'. तिकडचा टेरेन पार्क निराळा. उतारावर मुद्दाम रचलेले बर्फाचे उंचवटे, त्यांना किकर म्हणतात. लोखंडी दांडे असतात, ते रेल. लांबट पेट्या असतात, ते बॉक्स. क्वचित हाफपाइप असतो, म्हणजे आडवा ठेवून मधोमध चिरलेला राक्षसी पाइप. ऑलिंपिकच्या मापाचा असेल तर त्याच्या भिंती बावीस फूट उंच. स्नोबोर्ड ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते जपानमध्येच, नागानोला, १९९८ साली. नीगाता प्रांतातल्या मुराकामी गावच्या आयुमु हिरानोने हाफपाइपमध्ये २०१४ आणि २०१८ साली रौप्यपदक मिळवलं आणि २०२२ साली बीजिंगला सुवर्ण घेतलं. अशा देशात पार्क सापडायला काय अडचण, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं.

भाच्याच्या घरी डोंगरांच्या माहितीपुस्तिकांचा गठ्ठा होता. हाकुबा, नोझावा ओन्सेन, शिगा कोगेन, युझावा, शिवाय होक्काइदोचं निसेको. पहिल्या दोन रात्री झोपेचं वेळापत्रक पुण्यात राहिलं होतं, म्हणून मी पहाटे पहाटे तो सगळा वाचून काढला. जपानी मजकूर भाचा चहा करता करता सांगायचा.

या वाङ्मयप्रकाराचा प्राण म्हणजे मधल्या पानावरचा नकाशा. खरं तर तो नकाशा नाही, चित्र आहे. पाठीमागे निळंभोर आकाश, समोर शुभ्र डोंगर, त्यावर लाल-हिरव्या रेघांचे उतार आणि काळ्या रेघांच्या लिफ्टा. चित्र सुंदर, यात वाद नाही. पण ज्या देशाचं नाव जगभर हिमवृष्टीसाठी घेतलं जातं, त्या देशाच्या या चित्रांत बर्फ पडताना मला एकदाही दिसला नाही! बर्फ असतो, पण तो पडून गेलेला. ढग नाही, वारा नाही, लिफ्टपुढे रांग नाही. आणि एका कोपऱ्यात केशरी रंगात पार्क. त्याच्यावर हवेत एक मुलगा, खाली बर्फावर त्याची सावलीसुद्धा काढलेली. ताईसाठी स्थळं बघत होतो तेव्हा असे फोटो यायचे. मुलगा स्कूटरला टेकून उभा, स्कूटर मित्राची.

माझा मुख्य आक्षेप क्रियापदावर आहे. 'आमच्याकडे पार्क आहे.' आहे, म्हणजे कधी आहे? डिसेंबरात आहे? मंगळवारी आहे? दुपारी जेवणानंतर आहे? पुस्तिकेला काळच नाही, सगळा अखंड वर्तमान. आमच्या बँकेच्या जाहिरातीत तळाशी निदान मुंगीएवढ्या अक्षरांत अटी असतात. इथेही मुंग्या होत्या, पण जपानी. एका पुस्तिकेत पार्कच्या चित्राखाली बारीक ओळ होती. भाच्याने भिंग न घेता वाचली, "जानेवारीच्या अखेरीपासून, बर्फाच्या स्थितीनुसार." त्याच पुस्तिकेच्या इंग्रजी आवृत्तीत ती ओळ नव्हती. तिच्या जागी 'मजा लुटा' एवढंच होतं. भाषांतरात कविता हरवते म्हणतात, इथे तारीख हरवली होती.

पहिल्या दिवशी आम्ही गेलो त्या डोंगराचं नाव सांगत नाही. नाव घ्यायचं आणि दोष द्यायचा, हे पाहुण्याला शोभत नाही. लिफ्टच्या पासाला माणशी सात हजार येन पडले. मी घसरणार नव्हतो, पण वर बसून बघायलाही पास लागतो. वर पोचलो तर केशरी पट्टीच्या जागी दोरी बांधलेली आणि एक पाटी. भाचा वाचून म्हणाला, "जुन्बि-च्यू. म्हणजे तयारी चालू आहे." मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमचं पासबुकाचं यंत्र कित्येक महिने तयारीतच असतं.

"अरे, एवढा बर्फ पडलाय आणि पार्क का नाही?" मी विचारलं.

"मामा, एवढा बर्फ पडलाय म्हणूनच नाही."

हे मला समजावून घ्यावं लागलं. सैबेरियाचा कोरडा, गार वारा जपानच्या समुद्रावरून येतो. समुद्र त्याच्या मानाने कोमट, त्यामुळे वारा वाफ पिऊन फुगतो आणि डोंगराच्या कण्याला धडकला की सगळं ओझं बर्फ करून खाली टाकतो. डोंगरापलीकडच्या टोकियोत मात्र लख्ख ऊन. आपल्या महाबळेश्वर आणि वाईचंच हे प्रकरण, फक्त पावसाच्या जागी बर्फ आणि जूनच्या जागी जानेवारी. हंगामाच्या सुरुवातीला किकर रचायला पुरेसा बर्फ साठलेला नसतो. डोंगराएवढे ढीग यंत्राने ढकलून आणावे लागतात. आणि ऐन जानेवारीत ढीग रचावा, तर रात्रीत हातभर नवा भुसभुशीत बर्फ येऊन सगळं बुजवतो. भुसभुशीत बर्फात फळीला वेग येत नाही. वेग कमी पडला की माणूस उतारावर पोचायच्या आत अलीकडच्या सपाटीवर आदळतो, आणि तिथे गुडघे जातात. म्हणून पार्क खऱ्या अर्थाने बहरतो तो फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आणि मार्चमध्ये, नवा बर्फ ओसरला की. तेव्हा पुन्हा ऊन लागून बर्फ मऊ होतो, मग त्यावर मीठ टाकून तो घट्ट करतात. पापडाच्या पिठाला जमत नाही ते डोंगराला जमतं.

फुजीच्या उतारावर येती नावाचं एक ठिकाण ऑक्टोबरातच उघडतं, यंत्राने केलेल्या बर्फावर. पण उतार उघडणं वेगळं आणि पार्क उघडणं वेगळं, हा भेद एकाही पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर मला आढळला नाही. माझ्या मते तो तिथेच हवा.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहाणे झालो होतो. पुस्तिका घरी ठेवली आणि भाच्याने सकाळी साडेसहाला फोनवर त्या डोंगराचा 'आजचा तक्ता' उघडला. इथून माझ्या समीक्षेचा दुसरा ग्रंथ सुरू होतो. हा तक्ता म्हणजे अगदी उलट प्रकृतीचं लेखन. चित्र नाही, विशेषण नाही. डावीकडे उतारांची आणि लिफ्टांची नावं, उजवीकडे खुणा. वर्तुळ म्हणजे चालू, फुली म्हणजे बंद. जपानी माणूस दोन्ही गोष्टी हातवारे करूनही सांगतो. डोक्यावर हात जोडून गोल केला की होकार, छातीवर हातांची फुली केली की नकार. मला ही शैली फार आवडली. आमच्या लेजरसारखी, बोलते कमी आणि खोटं बोलत नाही.

पार्कसमोर वर्तुळ होतं. आम्ही धावलो. दोन तासांनी पोचलो तेव्हा पार्कसमोर वर्तुळच होतं, पण पार्ककडे नेणाऱ्या लिफ्टसमोर फुली होती. वर वारा सुटला होता. कर्ज मंजूर, शाखा बंद! माझा या ग्रंथावर हाच एक आक्षेप, की त्यातल्या नोंदी शेजारी शेजारी राहून एकमेकींशी बोलत नाहीत. पार्कच्या ओळीतच 'अमुक लिफ्ट चालू असेल तर' एवढं लिहिलं असतं तर आमचे चौदा हजार येन वाचले असते.

त्या दिवशी परतीच्या गाडीत भाचा गप्प होता. एरवी त्याची टकळी थांबत नाही. एकच दिवस उरला होता. परवा त्याला ऑफिसात हजर व्हायचं होतं आणि मला विमानतळावर. त्याची ती फळी मधल्या जागेत उभी करून ठेवली होती, आणि मला उगाचच त्याची पहिली सायकल आठवली. ती घेतली तेव्हाही हप्ता फिटेपर्यंत तो ती घराबाहेर काढायला घाबरायचा.

तिसऱ्या दिवशी तक्त्यावर त्रिकोण उगवला.

भाच्याला अर्थ विचारला तर तो म्हणाला, "अर्धवट." म्हणजे काय अर्धवट? अर्धा वेळ चालू की अर्धा भाग? खूण गप्प. मी म्हटलं, हे सरकारी उत्तर आहे, जायला नको. भाचा बूट घालूनच बसला होता. गेलो.

वर तक्त्यातलाच त्रिकोण पाटीवर लावलेला आणि पाटीपलीकडे दोन तरुण फावडी आणि दाताळी घेऊन किकरची कड खरवडत होते. यांना तिकडे डिगर म्हणतात, म्हणजे खणणारे. रात्री यंत्राने मोठा आकार द्यायचा आणि सकाळी या पोरांनी हाताने कडा धरायच्या, असा हा कारभार. भाच्याने त्यांच्याशी बोलून घेतलं. त्रिकोणाचा अर्थ असा, की एक लहान किकर आणि दोन बॉक्स चालू, मोठे दोन्ही बंद, कारण मोठ्यांच्या उतरणीवर अजून मऊ बर्फ आहे. लहान किकरही त्यांनी सकाळपासून स्वतः तीन वेळा उडी मारून तपासला होता. जे तपासलं तेवढंच उघडलं. मी त्या पोरांच्या लाल झालेल्या कानांकडे बघितलं आणि त्रिकोणावरचे माझे निम्मे आक्षेप मागे घेतले. उरलेले निम्मे कायम आहेत. हे सगळं तक्त्यावर एका ओळीत लिहिता आलं असतं, आणि ज्याला पुस्तिकेत केशरी मुलगा छापायला शाई आहे त्याला ही ओळ परवडायला हरकत नाही.

एक गोष्ट खरी, की पुस्तिका लिहिणाराही एका वैभवाच्या आठवणीत लिहितो. १९८७ साली बर्फावरच्या एका प्रेमपटाने तिकडे तरुणांना वेड लावलं. १९९० साली गाला युझावाला बुलेट ट्रेनचं असं स्टेशन झालं, की फाटकातून बाहेर पडलात की थेट घसरायचीच जागा. नव्वदीच्या सुरुवातीनंतर गर्दी ओसरत गेली. कितीतरी डोंगर बंद पडले. पार्क ठेवायचा म्हणजे यंत्र हवं, चालक हवा आणि पहाटे उठणारी पोरं हवीत. चित्रकाराला मात्र एकदाच पैसे द्यावे लागतात.

भाच्याने तीन हिवाळे मोठ्या किकरचं स्वप्न बघितलं होतं. लहान किकरसमोर तो जरा वेळ उभा राहिला. मग हेल्मेटचा पट्टा ओढून वर चालत गेला. मी फोन काढला, हातमोजा काढला, फोन पडला, उचलला, बटण दाबलं. तो आला, कडेवरून सुटला, हवेत होता, आणि उतरला. सगळं मिळून आपण 'अरे अरे' म्हणेपर्यंत. खाली येऊन त्याने विचारलं, "मामा, आलं का?"

फोनमध्ये अकरा सेकंद माझा हातमोजा होता. चांगला स्पष्ट आला होता.

रात्री ताईचा फोन आला. फोन स्पीकरवर, भाचा समोर बसून मोज्यांची जोडी लावण्यात गुंग असल्याचं दाखवत होता.

"मारली का रे?"

"मारली."

"किती उंच?"

"आपल्या वाड्याच्या ओट्याएवढी."

"पडला?"

"नाही. उतरताना एक हात टेकला."

"म्हणजे नीट की नाही?"

भाचा मोजा हातात धरून थांबला होता.

"वर्तुळ," मी म्हणालो.

"काय?"

"नीट मारली म्हणतो."