परकी वाडी आणि आपलेपणाची जाणीव : ‘बनगरवाडी’चा एक विचार

प्रास्ताविक

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी १९४९ मध्ये आलेल्या ‘माणदेशी माणसं’मुळे माणदेशाचा दुष्काळी मुलूख मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला होता. त्यामुळे ‘बनगरवाडी’चा विचारही प्रामुख्याने प्रादेशिक किंवा ग्रामीण कादंबरी म्हणून होत आला. बोली, निसर्ग, व्यक्तिचित्रे आणि दुष्काळ या अंगांनी तिचे विवेचन पुष्कळ झाले आहे. मात्र ही कादंबरी वाडीत जन्मलेल्या माणसाने सांगितलेली नाही, या गोष्टीकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. निवेदक राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा औंध संस्थानातील तरुण मास्तर नोकरीच्या निमित्ताने तेथे येतो. परक्या ठिकाणी आलेल्या माणसाला ते ठिकाण आपले का वाटू लागते आणि त्या आपलेपणाची मर्यादा कोणती, या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने या कादंबरीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परकेपणाचे स्वरूप

मास्तरच्या परकेपणाचे कारण अंतर हे नाही. त्याचा आणि वाडीचा मुलूख एकच आहे, भाषाही समजण्याजोगी आहे. परका आहे तो जीवनक्रम. धनगरांचा दिवस मेंढरांच्या चरण्यावर चालतो. मुले मेंढरांमागे रानात गेलेली असल्याने शाळा ओस पडते. पोर शाळेत बसवणे म्हणजे कळपामागचा एक राखणदार कमी करणे, हा तेथील साधा हिशोब आहे. शाळेविषयीची उदासीनता अज्ञानातून नव्हे, तर उपजीविकेच्या गरजेतून येते, हे माडगूळकर कोणतेही भाष्य न करता दाखवतात. मास्तर सुधारकाच्या आवेशाने वाडीला दोष देत बसत नाही. आधी वाडीचा दिनक्रम समजून घ्यावा लागेल, हे त्याला उमगते. आपलेपणाचा प्रारंभ येथे आहे.

विश्वासातून घडणारे नाते

मास्तरला वाडी आवडू लागते म्हणून ती त्याची होते, असे कादंबरीत घडत नाही. क्रम उलटा आहे. वृद्ध कारभारी त्याला पाठबळ देतो, त्यानंतर पोरे शाळेत येऊ लागतात. लिहिता-वाचता येणारा माणूस म्हणून लोक आपल्या अडचणी त्याच्याकडे आणतात. आयबूसारखा निराधार मुलगा त्याच्या आश्रयाने राहू लागतो. ज्याच्यापासून सावध राहावे असा आनंदा रामोशीही त्याच्याशी माणुसकीने वागतो. मास्तरचे काम शाळेच्या वेळेपुरते उरत नाही, तसतसे त्याचे परकेपणही ओसरत जाते. कोठे राहतो यापेक्षा कोण आपल्यावर विसंबून आहे यावरून घर ठरते, अशी ही जाणीव आहे.

तालमीच्या उभारणीत या नात्याला मूर्त रूप मिळते. कल्पना मास्तरची असली तरी श्रम वाडीचे आहेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांच्या प्रसारासाठी प्रसिद्ध होते. त्या संस्थानातील एका लहानशा वाडीने तालीम बांधावी आणि राजाने तेथे यावे, हा प्रसंग त्या काळाशी सुसंगत आहे. वाडीच्या दृष्टीने तो क्षण मोठा आहे. मात्र माडगूळकर कादंबरी तेथे संपवत नाहीत, आणि लेखकाचा संयम येथेच दिसतो.

आपलेपणाच्या मर्यादा

वाडीने दिलेला विश्वास बिनशर्त नाही. अंजीच्या चोळीच्या प्रसंगात मास्तरचा हेतू निर्मळ असूनही कारभाऱ्याच्या मनात संशय येतो. दादू बालट्याचा विरोध उघड आहे. तो उपद्रवी माणसाचा विरोध म्हणून बाजूला सारता येतो. कारभाऱ्याचा संशय मात्र आप्ताचा आहे. बाहेरून आलेल्या माणसाची परीक्षा कधीच पुरती संपत नाही, हे या प्रसंगातून जाणवते.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. बैलाअभावी शेकूची बायको स्वतः औताला जुंपून घेते. हा प्रसंग मास्तर पाहतो आणि व्याकूळही होतो, परंतु ते जू त्याच्या मानेवर येणार नाही. पुढे कारभारी जातो, दुष्काळ पडतो, मेंढरे मरू लागतात आणि लोक जगण्यासाठी वाडी सोडतात. मास्तरही जातो. दोघांच्या जाण्यात फरक आहे. धनगर भुकेने जातात, तर मास्तरला नोकरी दुसरीकडे नेते. वाडी त्याची झाली हे खरे असले, तरी वाडीचे दैव त्याचे झाले नाही. या अंतरावर निवेदक पांघरूण घालत नाही, म्हणूनच त्याची आपुलकी भाबडी वाटत नाही.

येथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. मेंढपाळांसाठी स्थलांतर ही अपरिचित गोष्ट नाही. कळप जगवण्यासाठी मुलूख बदलणे हा त्यांच्या जगण्याचाच भाग आहे. स्थिर घराची ओढ मास्तरला अधिक आहे. ओस वाडीचे दुःख तो ज्या तीव्रतेने अनुभवतो, त्यात त्याच्या स्वतःच्या घराच्या कल्पनेचाही वाटा आहे. या कादंबरीचा राम देशमुख यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९५८ मध्ये ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ या नावाने आला. भिंती नसलेले गाव परक्याला सहज सामावून घेते, पण दुष्काळात कोणाला धरूनही ठेवू शकत नाही, असे दोन्ही अर्थ त्या शीर्षकातून घेता येतात.

समारोप

परका प्रदेश आपला वाटणे ही बहुधा भावनेची गोष्ट मानली जाते. ‘बनगरवाडी’ ती व्यवहाराच्या पातळीवर आणते. उपयोगी पडणे, विश्वास मिळवणे, संशय सोसणे आणि अखेर आपले दुःख त्या लोकांच्या दुःखाइतके नाही हे ओळखणे, अशा टप्प्यांनी ते नाते घडते. बदलीच्या गावी किंवा दूरच्या महाविद्यालयात आयुष्य काढणाऱ्या अध्यापकाला ही वाट अनोळखी वाटणार नाही. गावाने आपल्याला स्वीकारले, एवढ्यावर समाधान मानता येत नाही. त्या गावाच्या भुकेशी आपले नाते कोणते, हा प्रश्न मास्तरने वाडी सोडल्यावरही शिल्लक राहतो.