लोड ऑर्डर: क्रम कुणी ठरवला?

आवाज मागपर्यंत पोचतोय ना? ठीक.

आजचा विषय मॉड मॅनेजर. म्हणजे खेळ नव्हे, तर खेळ सुरू करायच्या आधी ज्या खिडकीसमोर आपली अख्खी संध्याकाळ जाते, ती खिडकी. पुस्तकाची समीक्षा होते, सिनेमाची होते, खेळाचीही आता होऊ लागली आहे. अवजाराच्या बाबतीत मात्र आपण 'चालतं का? चालतं' एवढ्यावर थांबतो. आम्हाला ते पुरेसं वाटत नाही. का वाटत नाही, ते आमच्या भाच्याच्या गोष्टीत येईल. ती जरा पुढे आहे.

उदाहरण 'स्कायरिम'चं घेऊ. ११ नोव्हेंबर २०११ ला हा खेळ आला, २०१६ मध्ये त्याची स्पेशल एडिशन आली, आणि मॉड बसवणं म्हणजे काय हे पुष्कळजण याच खेळावर शिकले. ज्यांना हे नवं आहे त्यांच्यासाठी दोन मिनिटं देतो. मॉड खेळात दोन वाटांनी शिरतो. एक वाट फाइलींची: चित्रं, आकार, आवाज. दुसरी प्लगइनची. खेळाची एक मोठी नोंदवही आहे असं समजा. प्रत्येक माणूस, प्रत्येक तलवार, प्रत्येक दार ही तिच्यातली एक नोंद, आणि नोंदीत रकाने: नाव, वजन, किंमत, चेहरा, स्वभाव. प्लगइन या नोंदी बदलतो. दोन प्लगइननी एकच नोंद बदलली तर जो शेवटी लोड होतो त्याचं खरं.

आता इथे नीट लक्ष द्या. त्याचं खरं म्हणजे रकान्यापुरतं नाही, अख्ख्या नोंदीपुरतं. पहिल्या मॉडने तलवारीचं चुकलेलं वजन सुधारलं. दुसऱ्याने फक्त तिचं नाव बदललं. दुसरा नंतर लोड झाला, तर त्याची पूर्ण नोंद येते, आणि तिच्यात वजन मूळचंच, म्हणजे चुकलेलंच असतं. पहिल्याची मेहनत पुसली गेली. दुसऱ्याला ती पुसायची नव्हती, त्याला ती ठाऊकही नव्हती. याला आपण लोड ऑर्डर म्हणतो आणि 'तांत्रिक बाब' म्हणून पुढे जातो. ती तांत्रिक बाब नाही हो. कोणाचं म्हणणं टिकवायचं याचा तो निवाडा आहे.

'मॉरोविंड' आणि 'ऑब्लिव्हियन'च्या काळात हा निवाडा फाइलच्या तारखेवर चालायचा. जिची बदलाची तारीख नंतरची, ती फाइल नंतर लोड व्हायची, त्यामुळे क्रम बदलायचा तर तारीख बदलायची. गंमत वाटते, पण त्यात एक प्रामाणिकपणा होता. क्रम आपण लावला आहे हे विसरायला होत नसे.

आज आपल्यापुढे मुख्यतः दोन मॅनेजर आहेत, मॉड ऑर्गनायझर २ आणि व्हॉर्टेक्स. मॉड ऑर्गनायझर ज्याने सुरू केला तो 'टॅनिन' या नावाने ओळखला जाणारा प्रोग्रामर पुढे नेक्सस मॉड्सकडे गेला आणि व्हॉर्टेक्सही त्याच्याच हातून उभा राहिला. एकाच माणसाची दोन अवजारं, पण स्वभाव पार उलटे.

मॉड ऑर्गनायझर म्हणतो, क्रम तू हाताने लाव. डावीकडे मॉडची यादी: ज्याला खाली ठेवाल त्याच्या फाइली जिंकतात. उजवीकडे प्लगइनची यादी: जो खाली त्याच्या नोंदी जिंकतात. खेळाच्या मूळ डेटा फोल्डरला तो हातच लावत नाही. खेळ सुरू होताना सगळे मॉड तिथेच आहेत असा देखावा उभा करतो. सुंदर कल्पना आहे, यात वाद नाही. पण दोन याद्या म्हणजे दोन न्यायालयं. ती एकमेकांना विचारत नाहीत.

लिडिया सगळ्यांना आठवते ना? व्हाइटरनमध्ये आपल्या वाट्याला येणारी, आपलं सामान वाहणारी. तिचा चेहरा बदलणारे दोन मॉड तुम्ही घातले. डाव्या यादीत पहिला जिंकला, उजव्या यादीत दुसरा. नोंद एका चेहऱ्याची आणि फाइल दुसऱ्या चेहऱ्याची. मग लिडिया समोर येते ती मान गोरी आणि चेहरा शाईत बुडवल्यासारखा घेऊन. नवा माणूस म्हणतो, मॉड खराब आहे. मॉड खराब नाही, दोन निकाल वेगळे लागले आहेत. आणि खरं सांगायचं तर हे नशीब म्हणायचं, कारण इथे चूक डोळ्यांना दिसते.

न दिसणारी चूक जास्त वाईट. शत्रूच्या अंगावर किंवा पेटीत काय सापडेल हे ठरवणाऱ्या याद्या असतात. दोन मॉडनी एकाच यादीत आपापल्या तलवारी घातल्या. नंतरचा जिंकला. पहिल्याच्या तलवारी त्या यादीतून तुम्हाला कधीच सापडणार नाहीत. खेळ बंद पडत नाही, सूचना येत नाही, काही नाही. तुम्ही दीडशे तास खेळता आणि एक मॉड बसवूनही तुमच्या खेळात तो जवळपास नसतो. यावर उपाय आहेत. राय बॅश अशा याद्या एकत्र करून एक पॅच बनवून देतो. पण उपाय शोधायला आधी दुखतंय हे कळायला हवं ना!

आता स्वयंचलित क्रमाकडे येऊ. 'लूट' नावाचं अवजार आहे. मराठी कानाला नाव भलतंच लागतं, त्याला आमचा इलाज नाही. (हशा) ते तुमचे प्लगइन वाचतं, कोण कोणावर अवलंबून आहे ते पाहतं, स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं जमवलेली एक मोठी यादी पाहतं, आणि क्रम लावून देतं. व्हॉर्टेक्सच्या पोटात हेच आहे. फाइलींच्या भांडणासाठी व्हॉर्टेक्स वेगळा प्रश्न विचारतो: या दोघांत कोण नंतर? तुम्ही नियम सांगता, तो नियमांवरून क्रम काढतो. क नंतर ख, ख नंतर ग आणि ग नंतर क असं सांगून बसलात तर चक्र झालं म्हणून अडवतोही. आम्ही स्वतः मॉड ऑर्गनायझरवाले, तरी हे कबूल करतो की नियम ही क्रमांकापेक्षा शहाणी गोष्ट आहे. चारशेव्या जागेवर ठेवलेला मॉड तिथे का आहे हे क्रमांक सांगत नाही. 'हा त्याच्या नंतर' एवढं तरी नियम सांगतो.

पण लूटमध्येही मत दडलेलं आहे. दोन प्लगइन एकाच नोंदींवर हात टाकत असतील आणि दुसरं काहीच सांगितलेलं नसेल, तर जो जास्त नोंदी बदलतो त्याला ते आधी लोड करतं आणि कमी बदलणाऱ्याला नंतर. का? नेमकं काम करणाऱ्या छोट्याचं काम मोठ्याखाली गाडलं जाऊ नये म्हणून. चांगला विचार आहे, बहुतेक वेळा बरोबरही निघतो. पण तो विचार आहे, वस्तुस्थिती नव्हे. बटण दाबल्यावर समोर येतो तो मात्र फक्त क्रम, आणि आपण म्हणतो, 'सॉर्ट केलंय, आता काय'.

आमची मुख्य तक्रार हीच आहे. ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती तुम्ही पाहिली असेल. संपादक एक पाठ वर ठेवतो आणि नाकारलेले पाठभेद तळटीपेत देतो. वाचकाला संपादकाचा निर्णय पटला नाही तर तो खाली पाहू शकतो. मॉड मॅनेजरमध्ये निकाल आहे, पाठभेद अर्धेच आहेत. फाइलींपुरतं मॉड ऑर्गनायझर चोख दाखवतो: कोण जिंकलं, कोण हरलं, कोणत्या फाइलीत. नोंदींच्या बाबतीत एसएसईएडिट हे वेगळं अवजार उघडावं लागतं. तिथे प्रत्येक प्लगइनचा एक रकाना, सगळ्यात उजवीकडचा जिंकलेला, आणि मध्ये हरवलेलं सगळं रंगांत दिसतं. पहिल्यांदा उघडलं की डोकं गरगरतं, पण खरी तळटीप तिथे आहे. आणि कारण लिहायला जागा? मॉडला टिपण जोडता येतं, पण ते क्रमाला बांधलेलं नाही. मॉड हलवला की टिपण खोटं पडतं आणि कोणी टोकत नाही.

आता भाच्याची गोष्ट. एकच संगणक, खेळणारे दोघं. आम्ही शहाणपणाने मॉड ऑर्गनायझरमध्ये दोन प्रोफाइल केली, एक त्याचं, एक आमचं. सेव्हसुद्धा प्रोफाइलप्रमाणे वेगळे ठेवायची खूण केली. त्याचं पात्र शंभरेक तासांचं झालं होतं. आम्ही आमचा नवा खेळ सुरू करताना एका कथानकाच्या मॉडची नवी आवृत्ती आली होती ती जुन्यावर बसवली. मॉडकर्त्याने स्पष्ट लिहिलं होतं की ही आवृत्ती नव्या खेळातच वापरा. आम्ही नवाच खेळ सुरू करत होतो, म्हणून निश्चिंत होतो. रविवारी भाचा बसला. त्याचा सोबती दाराशी उभा, बोलत नाही, हलत नाही, कथा पुढे जात नाही. तो आमच्याकडे वळून म्हणाला, "मामा, माझं प्रोफाइल वेगळं होतं ना?"

होतं, आणि नव्हतं. प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये असतात साध्या मजकुराच्या काही फाइली: कोणते मॉड चालू, कोणत्या क्रमाने, कोणते प्लगइन. हवी तर सेटिंग आणि सेव्ह वेगळी. पण मॉड स्वतः एकाच जागी असतात, सगळ्या प्रोफाइलना मिळून. प्रोफाइल ही यादी आहे, प्रत नाही. एका प्रोफाइलमध्ये बसून मॉड अद्ययावत केला, एखादा प्लगइन एसएसईएडिटमध्ये साफ केला, तर तो सगळीकडे बदलला. इतर अवजारांनी तयार केलेल्या फाइली ज्या ओव्हरराइट फोल्डरमध्ये पडतात, तोही सामायिक. हे दडवलेलं नाही, फोल्डर उघडून पाहिलं तर दिसतं. दोष आमचा, वाचायचं आम्ही टाळलं. पण समीक्षा म्हणून एवढं म्हणायला हवं की 'प्रोफाइल' हा शब्द जेवढं वचन देतो तेवढं अवजार पाळत नाही. दुसऱ्याच्या यादीत चालू असलेल्या मॉडवर आपण नवी आवृत्ती चढवतो आहोत, हे त्या क्षणी सांगणारी एक ओळ पुरली असती.

तयार मॉडयाद्यांबद्दल एक वाक्य, कारण कोणीतरी विचारणारच. वाबाजॅकने शेकडो मॉडची जुळवलेली यादी एका बैठकीत बसते. त्यात दुसऱ्या कोणाचे शेकडो निवाडे असतात, बहुधा आपल्यापेक्षा चांगले. फक्त त्यात आपला एक मॉड घुसवायचा म्हटलं की कोणता दगड कशावर टेकलाय ते कळत नाही.

भाच्याचं काय झालं ते सांगून थांबतो. जुन्या आवृत्तीची संकुचित फाइल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये शिल्लक होती. ती वेगळ्या नावाने, नवा मॉड म्हणून बसवली. त्याच्या यादीत जुनी चालू, नवी बंद. आमच्या यादीत उलट. बिघडल्यानंतरचा सेव्ह काही सुधारला नाही, त्याच्या आधीचा उघडावा लागला. सोबती चालायला लागला, भाच्याचे सहा तास गेले. हल्ली तो मॉडच्या नावातच आवृत्ती आणि प्रोफाइलचं नाव लिहितो, आणि आम्ही काही अद्ययावत करायच्या आधी त्याला हाक मारतो.

हां, प्रश्न. तिसऱ्या रांगेत हात वर आहे, बोला.