तिसरी विहीर

मराठी ख्रिस्ती मुलांना आज गोष्टींची वाण नाही. संडे स्कूलमध्ये रंगीत पुस्तिका आहेत, मे महिन्यात व्हीबीएसची, म्हणजे सुट्टीतल्या बायबल शाळेची, गाणी आहेत, घरी मोबाइलवर चित्रफिती आहेत. वाण आहे ती गोष्टीतल्या भांडणाची. समेट मुलाच्या मनाला भिडायचा तर आधीचे वैर खरे वाटले पाहिजे, आणि सांगणारे नेमके तेच गाळतात.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट घ्या. यरीहोच्या वाटेवर लुटला गेलेला माणूस, न थांबता गेलेले याजक आणि लेवी, मग थांबलेला शोमरोनी. मुले तात्पर्य घोकतात: अडलेल्याला मदत करावी. एवढेच सांगायचे असते तर थांबणारा याजकही चालला असता. येशूने शोमरोनी निवडला, कारण ऐकणाऱ्या यहुद्यांना शोमरोन्यांचा पिढ्यान्‌पिढ्या विटाळ होता. योहानाच्या शुभवर्तमानात येशू विहिरीवर शोमरोनी बाईकडे पाणी मागतो, तेव्हा आधी तीच चकित होते. हे महाराष्ट्रातल्या मुलाला समजावायला लांब जावे लागत नाही. चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. नगर-जालन्याकडच्या कितीतरी ख्रिस्ती घरांत पणजोबांचा पाणवठा वेगळा होता. तरीही वर्गात ‘शोमरोनी’ म्हणजे नुसता ‘दयाळू माणूस’ होऊन बसला आहे. ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्याच्या हातची मलमपट्टी चालवून घ्यावी लागली, ही खरी गोष्ट.

एका खेड्यातल्या वर्गात मागे बसून मी हीच गोष्ट ऐकत होतो. सात-आठ वर्षांची एक मुलगी उठली. म्हणाली, “ताई, तो माणूस बरा झाल्यावर त्याला कळलं का, कुणी वाचवलं ते? मग तो त्याच्याशी बोलायला लागला का?” ताईंनी घड्याळ पाहिले आणि सगळ्यांना प्रार्थनेला उभे केले. बायबलमध्ये तो जखमी माणूस एक शब्दही बोलत नाही. मुलीने बरोबर त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवले होते. पुढचा तास तिथूनच सुरू व्हायला हवा होता.

गोष्टी सांगण्याची परंपरा आपल्याकडे दरिद्री नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ ओवीत आणले, ते ऐकणाऱ्यांचे कान ओळखून. ‘बालबोधमेवा’ १८७२ मध्ये निघाला, मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या बालमासिकांपैकी तो एक. रेव्हरंड टिळकांनी मुलांसाठी लिहिताना मराठी घरातली मराठी वापरली. पण विलायती धर्मपुस्तिकांतून (ट्रॅक्टांतून) आलेला एक दोषही आपण सांभाळून ठेवला. त्या गोष्टींतले गुणी बालक बहुधा आज्ञाधारक बालक असे. दया आणि आज्ञापालन एकच, अशी सवय कानाला लागली. तिचा परिणाम अजून दिसतो. दोन मुले भांडली की ‘माफ कर’ असे सांगितले जाते ते ज्याला मार बसला त्यालाच. गप्प बसवणे म्हणजे शांती नव्हे. उंबरावर चढलेला बुटका जक्कय मुलांना फार आवडतो, पण लुबाडलेले चौपट परत करीन म्हणणारा जक्कय गाण्यात येतच नाही. परतफेडीशिवायचा समेट मुलालाही खोटा वाटतो.

शांतीची मला सर्वांत भरीव वाटणारी गोष्ट उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात आहे, आणि ती क्वचितच सांगितली जाते. इसहाकाच्या बापाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या. इसहाकाने त्या पुन्हा उपसल्या. गरारच्या खोऱ्यात नवी विहीर खणली, पाणी लागले, तर तिथले गुराखी म्हणाले, पाणी आमचे. त्याने विहिरीला नाव दिले एसेक, म्हणजे भांडण. पुढे जाऊन दुसरी खणली, तिथेही तंटा. तिचे नाव सितना, वैर. तिसऱ्या विहिरीवर कोणी आले नाही, ती रहोबोथ, ऐसपैस जागा. यात किती आहे पाहा! इसहाक भांडण झाकत नाही, त्याला नाव देतो. तो हटतो, पण खणणे सोडत नाही. शेवटी पलिष्ट्यांचा राजा अबीमलेख स्वतःहून येतो, तेव्हा ‘तुम्हीच मला हाकलले होते ना’ हे इसहाक तोंडावर बोलतो आणि मग जेवायला वाढतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावातल्या मुलाला ही गोष्ट किती आतून कळेल!

जुन्या करारातली अबीगईलही अशीच सांगायची मागे राहिली. दावीद चारशे माणसे घेऊन तिच्या घरावर चालून येतो आणि ती दोनशे भाकरी, पाच मेंढरे, भाजलेले धान्य, अंजिराच्या दोनशे ढेपा गाढवांवर लादून वाटेत त्याला आडवी जाते. रक्तपात टळतो तो एका बाईच्या धिटाईने आणि नेमक्या शब्दांनी. मुलींना ही गोष्ट मिळायलाच हवी.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बायबल आजच्या मराठीत सहज बोलू शकते, हे त्या पुस्तकाने दाखवून दिले. पण ते मोठ्यांचे पुस्तक. मुलांसाठी तसे काम अजून व्हायचे आहे, आणि गोष्ट सांगणाऱ्याने त्यासाठी थांबून राहू नये. येत्या सुट्टीत जे ताई-दादा व्हीबीएसला उभे राहतील, त्यांनी एक सकाळ इसहाकाला द्यावी. चित्र नको, तात्पर्य नको. दुसऱ्या विहिरीपाशी थांबावे, तुम्ही काय केले असते असे मुलांना विचारावे, आणि सगळ्यांची उत्तरे ऐकून झाल्यावरच तिसरी खणावी.