प्रकाश, व्यायाम आणि निद्रा : पलूसच्या संदर्भात एक परीक्षण

कर्करोगाच्या रुग्णाची झोप उडणे ही गोष्ट उपचारांच्या धामधुमीत नेहमीच गौण ठरते. या उपेक्षित प्रश्नाकडे संशोधकांचे लक्ष वळले, हे स्वागतार्हच होय. तथापि प्रकाश व व्यायाम या दोन उपायांविषयीचे निष्कर्ष पलूससारख्या गावी कितपत लागू पडतात, हे पारखूनच घ्यावयास हवे.

प्रकाशोपचारामागील तत्त्व सयुक्तिक आहे. दृष्टिपटलातील काही पेशी प्रकाशाची वर्दी मेंदूतील कालनियंत्रक केंद्रास देतात, आणि त्यानुसार निद्रेची वेळ ठरते. अँकोली-इस्राएल व त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन प्रयोगात स्तनाच्या कर्करोगाच्या ३९ स्त्रियांस रसायनोपचाराच्या काळात रोज सकाळी ३० मिनिटे प्रकाश दिला गेला. काहींस प्रखर पांढरा, काहींस मंद तांबडा. पांढऱ्या प्रकाशाने थकवा वाढू दिला नाही, असे आढळले. पण संख्या अल्प, आणि मुख्य मोजमाप थकव्याचे, निद्रेचे नव्हे. पुढे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या डच प्रयोगात लसिकापेशींच्या कर्करोगातून बरे झालेल्या १६६ जणांत प्रखर व मंद अशा दोन्ही गटांचा थकवा सारखाच उतरला. गुण प्रकाशाचा, श्रद्धेचा, की नित्य ठरल्या वेळी उठण्याचा, हा प्रश्न त्यामुळे अनिर्णितच राहतो.

व्यायामाची बाजू अधिक भक्कम दिसते. मस्टियन प्रभृतींच्या २०१३ च्या अभ्यासात ४१० जणांपैकी योगासने करणाऱ्या गटाची झोप अधिक सुधारली. परंतु तुलनेच्या गटास केवळ नेहमीची शुश्रूषा मिळत होती. चारचौघांत बसण्याउठण्याचा लाभ त्यांच्या वाट्यास आला नाही. हे न्यून लहान नव्हे.

आता पलूसकडे पाहावे. येथे उघड्या अंगणात दिवस वर येताच दहा हजार लक्सहून अधिक प्रकाश फुकट मिळतो. मग महागड्या दिव्याचे प्रयोजन काय? उलट, आजारी बाई अंधाऱ्या माजघरात निजून असेल, तर तो अंगणातील प्रकाश तिच्यापर्यंत पोचत नाही. उसाच्या वा द्राक्षाच्या रानात राबलेल्या स्त्रीस 'व्यायाम करा' असे सांगणे म्हणजे श्रम व व्यायाम यांतील भेद विसरणे होय. जेथे शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते, तेथे पाणी पाजण्यासाठी घरच जागे असते. त्या जागरणास दिवा काय करणार?

शिवाय काही औषधांनी त्वचा उन्हास हळवी होते आणि हाडांत रोग पसरला असल्यास व्यायाम जपूनच करावा लागतो. म्हणून वैद्यांचा सल्ला अपरिहार्य आहे.

सकाळच्या फिरण्यात प्रकाश व व्यायाम एकत्रच येतात. रुग्णास ते वेगळे करण्याची गरज नाही. संशोधकास मात्र आहे. केवळ ठरल्या वेळी उठणारे, अंगणात बसणारे आणि चालणारे असे तीन गट करून, निद्रेचेच मोजमाप घेणारा अभ्यास या भागात व्हावयास हवा. तोपर्यंत झोप न आल्याचा दोष रुग्णाच्या आळसावर ढकलणे शास्त्रास शोभणारे नाही.