कर्ता गाळलेली वाक्ये

प्रेक्षणीय स्थळांची माहिती देणारे लेखन निरुपद्रवी समजले जाते. समीक्षेने त्याची दखल घ्यावी असे कुणाला वाटत नाही. परंतु खेड्यापाड्यांतून आमच्या महाविद्यालयांत येणारा विद्यार्थी आपल्या जिल्ह्याची संस्कृती बहुधा याच लेखनातून शिकतो. सहलीपूर्वी तेच वाचून दाखवले जाते, स्पर्धा परीक्षेसाठी तेच पाठ केले जाते. म्हणून त्यामागची मूल्यव्यवस्था तपासणे अगत्याचे आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. औंढ्याचे ज्योतिर्लिंग, नरसीचे नामदेव, हिंगोलीचा दसरा, वसमतची हळद असा त्याचा ठरीव परिचय आहे. भाषेचा शिक्षक म्हणून मला त्यात एक व्याकरणिक लकब सतत दिसते. वाक्ये कर्मणी असतात आणि कर्ता गाळलेला असतो. देऊळ 'बांधण्यात आले', वाद्ये 'वाजविली जातात', पदार्थ 'बनविले जातात'. कोणी, हा प्रश्नच उरत नाही. ही वाक्यरचना जातिव्यवस्थेला सोयीची आहे, असे माझे म्हणणे आहे.

औंढ्याच्या देवळाच्या बाह्यभिंतींवरील शिल्पे खरोखर थांबून पाहावीत अशी आहेत. नंदी मात्र देवळाच्या मागच्या बाजूला आहे. तो तेथे का, याची कथा भाविकांना सांगितली जाते : नामदेव कीर्तन करीत होते, त्यांना मागे जाण्यास 'सांगण्यात आले', ते गेले आणि देऊळ त्यांच्याकडे फिरले. श्रोते हात जोडतात व कथा तेथे संपते.

नामदेवांनी स्वतः मात्र कर्ता गाळलेला नाही. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांतील मल्हार रागातल्या एका पदात आपल्याला शूद्र ठरवून, मारहाण करून उठवल्याची तक्रार ते विठ्ठलाकडे करतात आणि पंडितांचे नाव घेतात. पदात गावाचा उल्लेख नाही, परंतु देऊळ फिरल्याचा आहे. आणि तेथे देऊळ पंडितांकडे पाठ करते! आमच्या माहितीपुस्तिकांत देऊळ भक्ताकडे तोंड करते, पंडितांकडे पाठ करीत नाही. एका अर्ध्या वाक्याच्या गाळणीने निषेधाचा चमत्कार झाला. नरसीला पंजाबातून येणारे शीख भाविक जे पद जपून आहेत, ते आम्हाला मात्र आमच्याच मातीत कुणी शिकवले नाही.

संतांनी देवापुढची समता सांगितली, माणसामाणसांतली नव्हे, हा बाबासाहेबांचा आक्षेप मला मान्य आहे. दगड फिरला म्हटले की माणसाने फिरण्याची निकड उरत नाही. तरीही १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ अर्पण करताना बाबासाहेबांनी नंदनार आणि रविदासांसोबत चोखामेळ्याचे नाव घेतले. संतांच्या वाणीतली वेदनेची साक्ष त्यांनी टाकून दिली नाही. आपणही ती पुजाऱ्यांच्या हवाली करू नये.

कलांचेही तसेच. हिंगोलीच्या दसऱ्याची रामलीला, प्रदर्शन, रावणदहन यांचे वर्णन सविस्तर होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी विजयादशमीच होती आणि त्या दिवशी नागपुरात लाखोंनी जुना धर्म टाकला, ही गोष्ट त्या वर्णनात बसत नाही. हलगी 'पारंपरिक वाद्य' म्हणून येते; ती पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात अडकवली गेलेला मातंग येत नाही. गावोगावच्या भीमजयंतीत रात्र जागवणारे शाहीर, वामनदादा कर्डकांची गाणी, हे तर कलेच्या रकान्यातच नाहीत.

आणि अन्न? वसमतच्या हळदीचा गौरव जरूर व्हावा. पण ती काढणाऱ्या, शिजवणाऱ्या मजूर बायांचे हातही वाक्यात यावेत. 'मराठवाडी जेवण' म्हणून जे ताट मांडले जाते, ते कुणाच्या घरचे? शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांचे अन्न प्रथमच इतक्या तपशिलाने मांडले. तेल-तुपाच्या टंचाईत शिजणारे कालवण, वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या, हे सारे त्यात आहे. कुणालाही न लाजता केलेली ती नोंद आहे. त्याच २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला, हेही ध्यानात ठेवावे. ज्या अन्नावरून माणसाला गावाबाहेर ठेवले, ते अन्न पर्यटकाच्या ताटात येणार नाही हे उघड आहे. परंतु इतिहासातून ते कुणी पुसावे हे आम्हाला मान्य नाही.

स्थळे पाहू नयेत असे मी म्हणत नाही. विद्यार्थ्यांनी औंढ्याला जावे, नंदीपाशी उभे राहावे आणि विचारावे : कुणी सांगितले मागे जायला? शिक्षकांनी सहलीचा अहवाल कर्तरी प्रयोगात लिहून घ्यावा. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील हलगीवाले, शाहीर, रांधणाऱ्या आजी यांच्याकडून त्यांच्या शब्दांत माहिती उतरवून घ्यावी. जिल्ह्याचा दुसरा परिचय त्यांच्याकडेच आहे, आणि ती पिढी आता थकत चालली आहे.